जालन्याचा हापसा

‘जालना पंप’ नावाचा एक हातपंप होता. पाण्याच्या कामात आयुष्य घालवलेल्या परदेशी इंजिनिअरांच्या लिखाणात ते नाव अजूनही सापडतं. जालन्यात विचाराल तर माहीत असलेला माणूस शोधावा लागेल. आमच्याकडं कौतुक बियाण्यांच्या कंपन्यांचं, लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांचं आणि मोसंबीचं. ‘जालना सोन्याचा पाळणा’ ही बाजारपेठेची म्हण, तिच्यात हापशाच्या दांड्याला जागा कोण देणार? मी उभी नोकरी हापसे दुरुस्त करण्यात काढली. १ मे १९८१ ला जालना जिल्हा वेगळा झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मी दुरुस्ती पथकाच्या गाडीत बसलो. त्यामुळं ही हकीकत लिहायची ती आता माझ्यासारख्यानंच.

आधी जमिनीचं सांगतो, कारण सगळं तिथून सुरू होतं. वर माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. पाऊस सरासरीनं साडेसहाशे-सातशे मिलिमीटर. कातळाला भेग असेल तिथं पाणी मुरतं, नसेल तिथून ते पूर्णा, दुधना नाहीतर कुंडलिका गाठतं. शहरापुरता जुन्या काळी जमशेदखानानं मोती तलाव बांधला, जमिनीखालून नळ घालून वस्तीत पाणी खेळवलं. खेड्यांत आड आणि विहिरी. तीस-चाळीस फुटांपर्यंत पहार, घण आणि सुरुंग चालायचे, त्याखाली माणसाचा हात पोचत नव्हता. होळीच्या सुमारास विहीर तळाला गेली की बाया पोराला दोरानं खाली सोडायच्या आणि तो वाटीनं कळशी भरायचा.

मिशनचा जालन्याशी संबंध जुना. रेव्हरंड नारायण शेषाद्री एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथं आले, सालारजंगांकडून जमीन मिळवून त्यांनी शहराजवळ बेथेल वसवलं. पुढं स्कॉटलंडच्या चर्चचा दवाखाना झाला. दुष्काळ पडला की लोक आधी दवाखान्याच्या फाटकाशी यायचे, हा त्या भागातला रिवाजच होता. १९६० च्या दशकाच्या मध्यावर पाऊस लागोपाठ चुकला, तेव्हा मिशनच्या माणसांना एक गोष्ट कळून चुकली असावी. दवाखान्यात येणारी अर्धी पोरं औषधानं बरी होणारी नव्हती. त्यांना चांगलं पाणी हवं होतं.

त्यांनी विलायतेहून हवेच्या दाबावर चालणारं बोअरचं यंत्र आणलं. तोवरची यंत्रं वरून ठोका मारणारी, कातळात एकेका बोअरला आठवड्यांमागून आठवडे खाणारी. या नव्या यंत्रात हातोडा दांड्याच्या टोकाशी, थेट खडकाशी भिडलेला, आणि वरून कॉम्प्रेसरची हवा. आठवड्यांचं काम तासांवर आलं. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते मिस्त्री तरुणपणी या यंत्रावर हेल्पर होते. ते सांगायचे, भोकातून पांढरी भुकटी उडायला लागली की अख्खा गाव भोवती उभा, भुकटीचा चिखल झाला की बाया हळदकुंकू आणायला पळायच्या आणि यंत्रावरचा गोरा साहेबही कपाळ पुढं करायचा. १९६७ साली युनिसेफनं अशी यंत्रं भारतात आणली, त्यामागं आमच्या भागातल्या या अनुभवाचा वाटा होता.

भोक पाडणं झालं. त्यातून पाणी वर काढायचं कसं, हा पुढचा प्रश्न, आणि खरी गोष्ट इथं आहे.

त्या काळी बसवले जाणारे पंप बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे. मूळ नमुना युरोप-अमेरिकेतल्या शेतघरातला. एक कुटुंब, दिवसाकाठी पाचपन्नास हापसे. तोच पंप आमच्याकडं पाचशे माणसांच्या वस्तीत पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत चालायचा. दांड्याच्या खिळी झिजायच्या, बीड तडकायचं. १९७४ च्या सुमारास युनिसेफनं पाहणी केली तेव्हा चार पंपांतले तीन बंद असल्याचं आढळलं. पैसा देणाऱ्यांच्या कागदावर ते सगळे चालूच होते. दानधर्माच्या कामातली ही खोड मी पुढंही पाहत आलो. उद्घाटनाचा फोटो निघतो, वायसरसाठी तरतूद नसते.

जालन्याच्या मिशनमधल्या माणसांनी या पाहणीच्या आधीच त्यावर डोकं चालवलं होतं. बिडाऐवजी जोडकामाचं पोलाद वापरलं, अनेक सांध्यांच्या जागी एकच मजबूत खीळ ठेवली. दांडा हलेल तो एवढ्या एकाच ठिकाणी. हा जालना पंप. अहमदनगर जिल्ह्यातल्या वडाळ्याला अमेरिकन मराठी मिशनची माणसं होती, त्यांनी तो घेऊन आणखी सुधारला, म्हणून ‘जालवाड’ असंही नाव पडलं. तिथून सोलापूर. सोलापुरात ऑस्कर कार्लसन या स्वीडिश इंजिनिअरनं त्याला साखळी आणि बेअरिंगची जोड दिली. मग केंद्र सरकार, युनिसेफ आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांनी सोलापूरचा नमुना पुढं नेला, कोइमतूरच्या बाजूला खोल बोअरांवर त्याची चाचणी घेतली आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘इंडिया मार्क टू’ कारखान्यातून बाहेर पडू लागला. त्याचं पेटंट कुणी घेतलं नाही. कुणीही बनवावा, कुठंही बसवावा. लाखांनी बनले, आफ्रिकेत गेले. झांबियातल्या खेड्यात आज जो पंप दिसतो त्याचा आजा जालन्याचा, असं मी म्हणतो तेव्हा नातवंडांना थाप वाटते.

मार्क टू उघडून बघितला नसेल तर त्यातलं शहाणपण कळणार नाही. वरचं झाकण काढलं की दांड्याच्या टोकाला लोखंडी कमान दिसते आणि तिच्यावरून खाली सोडलेली साखळी, सायकलच्या चेनची थोरली बहीण. दांडा गोल फिरतो, पण साखळीमुळं आतली सळई सरळ उभीच वरखाली होते, बाजूला घासत नाही. सगळं पुण्य एवढ्यात आहे. खाली दहा-दहा फुटी पाइप एकाला एक जोडलेले, तळाशी पितळी अस्तराचं सिलिंडर, त्यात दट्ट्या आणि चामडी वायसर. वायसर गेला की दांडा हलका लागतो आणि पाणी येत नाही. मग तिवई उभी करायची, क्लॅम्प लावायचा, सहा माणसांनी ‘हो’ म्हणत एकेक पाइप उचलायचा. पाइप ओला वर आला की कुठपर्यंत पाणी आहे ते त्याच्या रंगावरून समजायचं. वायसर आम्ही आदल्या रात्री तेलात भिजत घालायचो, कोरडा बसवला तर आठ दिवसांत चिरतो. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, मिस्त्रींनी शिकवलं. चाळीसेक हापशांना घागर भरली पाहिजे. पन्नास लागले तर समजायचं, बोलावणं लवकरच येणार.

तर एका टोकाला स्कॉटलंडचं चर्च, स्वीडिश इंजिनिअर, युनिसेफ. दुसऱ्या टोकाला मिस्त्री, हेल्पर आणि कट्ट्याभोवतीचं डबकं बुजवणारी बाई. दोघं मिळून पंप चालला. पण पंप कुठं बसला, हे विचारल्याशिवाय ही गोष्ट खरी होत नाही.

१९७२ च्या दुष्काळात माणसं सुकडी आणि मिलो ज्वारी खाऊन जगली, बाया खडी फोडत होत्या. त्याच सुमाराला बाबा आढावांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ सुरू केली. महाराष्ट्रभर हिंडून कुठल्या गावातली विहीर दलितांना बंद आहे ते तपासायचं, विचारायचं, भांडायचं. या फिरतीतून दुष्काळाची जी बाजू बाहेर आली ती कुठल्या पर्जन्यमापकात दिसणारी नव्हती. विहीर आटली की आधी कुणाला हाकलायचं हे ठरलेलं होतं. हापशानं इथं दुधारी काम केलं. सरकारी जागेत, दलित वस्तीत पंप बसला आणि बायांना कुणाच्या ओंजळीकडं बघत विहिरीच्या काठाशी ताटकळायची वेळ उरली नाही. पण गावाची विहीर होती तशीच बंद राहिली. उलट गावाला बोलायला सोय झाली, की तुमचा हापसा आहे ना, मग आता कशाला? पाणी मिळालं, पाणवठा एक झाला नाही. मी कित्येक गावांत एकाच फेरीत दोन हापसे दुरुस्त केले आणि दोन्हीकडचा चहा वेगवेगळ्या कपांत प्यालो.

हापशात मात्र एक न्याय होता, आणि तो त्याच्या बनावटीतच होता. दांडा मारणाऱ्याच्या दंडात जेवढा जोर तेवढंच पाणी. पाटलाच्या सुनेलाही चाळीस हापसे, मजुराच्या पोरीलाही चाळीस. कुणी रात्रभर हापसून ऊस भिजवू शकत नव्हतं.

वीज आली, पाणबुडी मोटार आली आणि हा न्याय संपला. मिशननं तहानेसाठी आणलेलं तंत्र बागायतीच्या हाती गेलं. जायकवाडीचा डावा कालवा जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला अंबड, घनसावंगी, परतूरकडं उतरला. उत्तरेच्या भोकरदन-जाफराबादला त्या कालव्याचं पाणी नाही, तिथं बोअरच. तीनशे फूट, पाचशे फूट. मोसंबीच्या बागा वाढल्या, त्यांना उन्हाळ्यातही पाणी लागतं. हापशाचं सिलिंडर दीडशे फुटांखाली नेलं तर बाईमाणसाला दांडा पेलत नाही. म्हणजे पाण्याची पातळी त्याखाली गेली की गरिबाचा पंप आपोआप शर्यतीतून बाद. १९९० नंतर आमच्या तक्रारवहीतला शेरा बदलत गेला. आधी ‘साखळी तुटली’, ‘वायसर गेला’ असं असायचं. मग ‘पाणी नाही’ एवढंच. त्यावर मेकॅनिक काय करणार? १९९३ साली भूजलाचा कायदा झाला, सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येणार नाही असं त्यात होतं. मी टेपनं अंतर मोजून दिलेलं आहे. पण तक्रार लिहायची कुणी आणि कुणाविरुद्ध? ज्याच्या शेतात बोअर, त्याच्याच शेतात रोजगार.

खाली ओढून भागत नाही म्हटल्यावर वरून मुरवायची गोष्ट सुरू झाली. यात विजयअण्णा बोराडे यांचं नाव घ्यावंच लागतं. मराठवाडा शेती सहाय्य मंडळ आणि जालन्याजवळच्या खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र ही त्यांची कर्मभूमी. औरंगाबाद जिल्ह्यातल्या आडगावला त्यांनी आधी पाणलोटाचं काम करून दाखवलं होतं. खरपुडीला दर महिन्याच्या पाच तारखेला शेतकरी आणि शास्त्रज्ञ समोरासमोर बसतात, ती प्रथाही तिथलीच. मी हापशावाला, शेतकऱ्यांच्या सभेत मला काय काम? पण जायचो. पाणी कुठून येतं हे ऐकायला मिळायचं, आम्हाला तोवर ते कुठून काढायचं एवढंच माहीत.

तिकडं अहमदनगरला हर्मन बाखर नावाचे स्विस जेझुइट फादर बरीच वर्षं दुष्काळी शेतकऱ्यांत काम करत होते. त्यांच्या पुढाकारातून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला. पैसा जर्मन सरकारचा, केएफडब्ल्यू या बँकेमार्फत, इकडं नाबार्ड, आणि गावात काम स्थानिक संस्थेचं. अटी कडक होत्या. आधी श्रमदान करून दाखवा, मग पैशाचं बोला. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी पाळा. मजुरीतला साधारण सहावा हिस्सा गावानं श्रमदानातून उचलायचा, मात्र भूमिहीन आणि एकट्या बाईचं घर यातून वगळलेलं. हा शेवटचा नियम ज्यानं कुणी लिहिला त्याला मी मानतो. श्रमदान या गोड शब्दाखाली मजुराचा रोज बुडवायची आपल्याकडं जुनी सवय आहे.

जालना तालुक्यातल्या कडवंचीत बोराडेंच्या मंडळानं हे काम १९९६ ते २००२ या काळात केलं, १,८८८ हेक्टरांवर. माथा ते पायथा, म्हणजे सुरुवात डोंगराच्या डोक्यावरून. आधी उतारावर सलग समतल चर, मग शेताशेतांत बांधबंदिस्ती, मग ओघळीत दगडी बांध, सर्वांत शेवटी नाल्यात बंधारा. राजकारणी माणसाला हा क्रम उलटा हवा असतो, कारण बंधाऱ्यावर फीत कापता येते, चरावर येत नाही. कडवंचीला क्रम पाळला गेला. विहिरींना पाणी आलं, गाव द्राक्षांवर गेलं, शेकड्यांनी शेततळी झाली. २०१२ च्या दुष्काळात भोवतालच्या गावांत टँकर फिरत होते, मोसंबीच्या बागा सरपणाला तोडल्या जात होत्या आणि कडवंचीला टँकर लागला नाही. राज्यभरातून लोक बसा करून बघायला आले.

त्याच हंगामात जालना शहर कोरडं पडलं. निजामाच्या काळात बांधलेला घाणेवाडीचा तलाव तळाला गेला, तेव्हा घाणेवाडी जलसंरक्षण मंचानं वर्गणीवर गाळ काढायला घेतला, शेतकरी आपल्या खर्चानं तो शेतात नेत होते. व्यापारी शहर एरवी मुठी आवळून असतं, त्या वर्षी सैल सुटलं.

योगायोग असा की २०१२ सालीच स्कॉटलंडच्या सरकारनं ‘क्लायमेट जस्टिस फंड’ काढला, हवामानाच्या न्यायासाठी सरकारनं काढलेला जगातला पहिला निधी असं त्याबद्दल सांगतात. मलावी, झांबिया, टांझानिया, रवांडा इथल्या पाण्याच्या कामांना त्यातून पैसे गेले. त्यामागचं तत्त्व सोपं आहे. धूर ज्यांनी आधी आणि जास्त सोडला, त्यांनी भरपाई द्यावी, ती भीक नव्हे. जालन्यातल्या मिशनच्या काळी हाच पैसा दया म्हणून यायचा. देणाऱ्याची भाषा बदलायला पन्नास वर्षं गेली. घेणाऱ्या गावात मात्र वाटपाची रीत काही बदललेली नाही, आणि माझं भांडण तिथं आहे.

कडवंचीचं यश बघून शेततळ्यांना अनुदान सुरू झालं आणि लोकांनी त्यातून भलताच धडा घेतला. शेततळं म्हणजे पावसाचं वाहतं पाणी अडवायची जागा. प्रत्यक्षात प्लास्टिक अंथरून उंच बांधाच्या टाक्या झाल्या, त्यात पावसाचा थेंब वाहून येऊच शकत नाही. विहिरीचं, बोअरचं पाणी दिवाळीतच उपसून त्यात भरायचं आणि उन्हाळ्यात बागेला द्यायचं. जमिनीच्या पोटातलं सगळ्यांचं पाणी एकाच्या सातबाऱ्यावर चढतं, वर उन्हानं उडून जातं ते वेगळंच. फादर बाखर यांनीच क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत १९९३ मध्ये उभ्या केलेल्या ‘वॉटर’ या संस्थेतले संशोधक ईश्वर काळे यांनी २०१७ साली हे उघड लिहिलं. आपल्याच क्षेत्रातल्या लाडक्या योजनेबद्दल असं लिहायला धाक सोडावा लागतो. चराईबंदीचंही तसंच. डोंगर हिरवा झाला हे खरं, पण शेळ्या विकाव्या लागल्या त्या भूमिहीनाला. हिरव्या डोंगराचं पाणी खाली ज्याच्या विहिरीत उतरलं, त्यानं त्या शेळ्यांचे पैसे दिले नाहीत.

पाऊसही आता पूर्वीसारखा हिशोबात येत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीनं मराठवाड्यातली उभी पिकं आणि बागा झोडपल्या. २०२५ च्या सप्टेंबरात एवढा कोसळला की गोदाकाठची गावं हलवावी लागली. २०१८ पासून जागतिक बँकेच्या साह्यानं चाललेला पोकरा हा हवामान-अनुकूल शेतीचा प्रकल्प आमच्या जिल्ह्यातही आहे, त्याच्या नावातच कृषी संजीवनी आहे. सातबारा असेल त्याला त्यातलं पुष्कळ मिळतं. मजुराला काय मिळतं ते विचारलं की अधिकारी चांगली माणसं असूनही फायली चाळू लागतात.

निवृत्तीनंतर मी दोन-तीन गावांत पाण्याच्या ताळेबंदाला जातो. पाऊस संपला की गावानं बसायचं, किती मुरलं, किती पिण्याला, किती जनावरांना, उरलं तर कुठलं पीक, हे फळ्यावर मांडायचं. तिथं काम करणाऱ्या संस्थेची पोरं पोरी मन लावून करतात, विहिरीत टेप सोडून पातळ्या मोजतात. ही सभा बहुतेक गावांत दिवाळीनंतर होते. घनसावंगी, अंबड, मंठा भागातली ऊसतोडीला जाणारी घरं तोवर उचल घेऊन कारखान्यांच्या फडात गेलेली असतात. ती पाडव्याच्या पुढं परत येतात, भर उन्हाळ्यात, हापसा कोरडा पडलेल्या वस्तीत. ज्यांच्या वाट्याला सर्वांत कमी पाणी येणार, त्यांच्या गैरहजेरीत फळा भरून झालेला असतो.

गेल्या खेपेला मी सभा दसऱ्याआधी घ्या म्हणालो. संस्थेच्या पोरीला पटलं, पण तिचा अहवाल डिसेंबरात जातो आणि विहिरींची पातळी ऑक्टोबर संपल्यावर मोजायची असा फॉर्मवर नियम आहे. सरपंच म्हणाले, मुकादमाची गाडी कधी येईल त्याचा नेम नाही, तारीख कशी धरायची? मागं बसलेल्या एका तोडकरी बाईनं मुकादमाला तिथूनच फोन लावला आणि तारीख विचारून घेतली. आता सभा दोन ठरल्या आहेत. पहिली सभा गाडी येण्याच्या आदल्या रविवारी, वस्तीतल्या हापशाच्या कट्ट्यावर, आणि तिच्यात एकच विषय घ्यायचा, त्या हापशापासून ५०० मीटरच्या आत किती मोटारी आहेत. टेप मी घेऊन जाणार आहे. नावं लिहायला मात्र अजून कुणी तयार झालेलं नाही.